शुक्रवारचा रोहू

फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. जागा: नाथसागराच्या काठावरची आमची पत्र्याची खोली. हजर: आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, धाकटी जाऊ, आणि मधली, म्हणजे मी. गैरहजर: तिघींचे नवरे. ते आपोआप गैरहजर नव्हते. त्यांना गैरहजर ठेवायला मला तीन महिने लागले होते.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. माझ्याकडे घरातल्या प्रत्येक कार्याची वही असते. डाव्या पानावर काम, उजव्या पानावर कोणी करायचं ते, आणि झालं की लाल खूण. एका कॉलेजच्या कार्यालयात पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस असा होतो. घरातले हसतात आणि लग्न ठरलं की सगळ्यात आधी मलाच फोन करतात.

आधी खोलीबद्दल सांगते. सासऱ्यांची गोदाकाठची काळी जमीन धरणात गेली. वर चढावर एक तुकडा उरला, ढोरकीनच्या पुढे आत वळल्यावर. त्याच्यावर धाकट्या भाऊजींनी दोन खणांची खोली बांधली, वर पत्रे टाकले, पुढं ओटा घातला. ओट्यावर बसलं की समोर नुसतं पाणी. दर हिवाळ्यात तिघे भाऊ दोन-तीन रविवार तिथं गळ टाकायला जायचे आणि संध्याकाळी मासे घेऊन यायचे. साफ केलेले, तुकडे केलेले, डब्यात भरलेले. आम्ही तिघी कालवण करायचो. खोलीच्या वास्तुशांतीनंतर आमच्यापैकी कोणी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. कोणी नको म्हटलं नव्हतं, पण चला असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मग दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर सगळे आमच्या शहरातल्या, गारखेड्याच्या घरी जेवायला आले होते. धाकट्या भाऊजींनी आणलेल्या माशाचं कालवण होतं. आक्का म्हणजे माशाच्या दर्दी. त्यांचं माहेर गोदावरीच्या काठचं. त्या काटा असा निपटून खातात, की ताटाकडे बघून मांजरानं निराश व्हावं. त्या दिवशी मात्र दोन घास खाऊन त्या थांबल्या.

"भाऊजी, मासा बर्फातला हाय."

"काय बोलता वहिनी! सकाळी सहाला माझ्या हातानं ओढलाय."

"ओढला असंल. पण बर्फातून ओढला."

सगळे हसले. भाऊजींना ते लागलं. ते शेंद्र्याच्या कारखान्यात पंचवीस माणसांवर साहेब आहेत. चेष्टा करायची सवय आहे, करून घ्यायची नाही. म्हणाले, "गळ टाकणं म्हणजे पापड वाळत घालणं नसतं वहिनी. चार चार तास पाण्याकडं बघत बसावं लागतं. तोंड बंद ठेवून. तुम्हाला जमणार आहे का?"

"माझ्या बापासंगं मी गळ टाकलाय. तुम्ही तवा चड्डीत होता."

"तेव्हा टाकला असेल. आता एक धरून दाखवा."

आक्कांनी ताट बाजूला सारलं. हात धुऊन आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "धरते. माझ्या हातानं धरीन, माझ्या हातानं रांधीन आणि तुम्हाला वाढीन. तवर मासा तोंडात घालणार नाय."

आक्कांचा शब्द कसा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. साखर जास्त लागते असं एकदा सासूबाई बोलल्या, तर आक्कांनी दोन वर्षं चहा सोडला होता. त्यांचे यजमान, आमचे थोरले भाऊजी, नुसतं "अगं" एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आक्कांचा फोन आला.

"तुझ्या वह्या असतात ना?"

"असतात."

"मग एक काढ. आन् लिही."

पहिलं काम दिवस ठरवायचं. सोपं वाटतं, पण नाही. मासे धरायचे म्हणजे त्याच दिवशी खायचे, आणि खायचे तर वार बघावा लागतो. मी वहीत तिघींचे वार मांडले. आक्कांचा सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी. धाकटीचा मंगळवार. माझा गुरुवार आणि संकष्टी. मार्गशीर्ष तर सगळाच बाजूला ठेवावा लागला, त्यात धाकटीचं घट मांडणं असतं. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. बुधवारी धाकटीचा शिवणाचा क्लास. रविवारी खोली पुरुषांची. म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी सकाळी जायचं, दिवसभर गळ टाकायचा, संध्याकाळी खायचं, शनिवारी दुपारी परत. एकादशी नाही, संकष्टी नाही, लग्नाचं आमंत्रण नाही, असा शुक्रवार शोधता शोधता फेब्रुवारी उजाडला. पण शोधला. मी त्या तारखेभोवती गोल केला आणि मला एखादा मोठा हिशेब जुळल्यासारखं समाधान झालं.

तोपर्यंत आक्कांचं काय चाललं होतं ते सांगायला हवं. थंडीत आमच्याकडे तीनदा मासा झाला. तिन्ही वेळा आक्का आमच्याबरोबर पंगतीला बसल्या आणि वरणभात जेवल्या. कालवण त्यांनीच केलेलं. चव बघायची वेळ आली की धाकटीला हाक मारायच्या. "मीठ बघ गं. मला काय कळत नाय आता." भाऊजी खाली मान घालून जेवायचे. एकदा ते म्हणालेही, "वहिनी, जाऊ द्या ना, मी हरलो." आक्का म्हणाल्या, "तुम्ही हरून काय उपयोग? मी जिंकले पाहिजे."

दुसरं काम किल्ली. ती भाऊजींच्या जुडग्यात. मी मागायला गेले तर त्यांनी अटी घातल्या. चूल विझवून निघायचं. पंपाच्या पेटीला हात लावायचा नाही. आणि शनिवारी संध्याकाळी किल्ली त्यांच्या हातात परत.

मी अटी लिहून घेतल्या आणि आमचीही एक लिहिली: रविवारी दुपारच्या आधी एकाही पुरुषानं त्या बाजूला फिरकायचं नाही.

"आणि काही झालं तर?"

"काही झालं तर फोन आहे."

"अंधार पडला, कुत्रं आलं, साप निघाला?"

"भाऊजी, तिघी मिळून आठ बाळंतपणं झालीत आमची. कुत्र्याला काय भ्यायचं?"

त्यांनी किल्ली जुडग्यातून सोडवली. वहीत शेवटचं, म्हणजे त्रेचाळिसावं काम लिहिलं: किल्ली परत देणे.

गळ, दोरा आणि शिसं आणायला मी आणि आक्का शहागंजच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हातारा होता. आक्का एकेक गळ बोटावर घेऊन टोक बघायला लागल्या तेव्हा त्यानं चष्मा सारखा केला.

"आपा, किसके वास्ते ले रहे?"

"हमारे वास्ते."

"आप खुद बैठनेवाले?"

"हम खुद."

त्यानं समोरची पुडी उचलून घेतली आणि आतून दुसरी आणली. "फिर ये लो. वो दिखावे के हैं. रोहू के लिए ये. और एक बात आपा, पानी के बाजू में बात नको करना. मछली को सब सुनने आता."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत लिहिलं: बोलायचं असेल तर ओट्यावर जाऊन बोलणे.

काठ्या बुरुडाकडून आणल्या, हिरव्या बांबूच्या, निमुळत्या, आक्कांनी स्वतः वाकवून बघितलेल्या. पाण्यावर तरंगायला लागतं त्या बोंडासाठी त्यांनी ज्वारीच्या ताटाचे तुकडे सोलून वाळवले. सरावासाठी माझी गच्ची ठरली. तिकडच्या कोपऱ्यात बादली, इकडून काठी, गळाऐवजी बांधलेला खडा. आक्का साठीच्या जवळ आलेल्या, गुडघे दुखतात, पण पाचव्या फेकीला खडा बादलीत. मग दहात सहा. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

"काय हो, काय चाललंय?"

"पापड वाळत घालतोय," आक्का म्हणाल्या.

माझा खडा दोनदा त्या बाईंच्या दोरीवरच्या साडीत अडकला. माझं काम यादीचं, असं सर्वानुमते ठरलं.

सामानाच्या बाबतीत माझा एक नियम आहे, तो मी आईकडून घेतला. एक माणूस जास्तीचं आणि एक दिवस जास्तीचा. दोन दिवसांना जायचं असेल तर पीठ तीन दिवसांचं. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, आपण मासे धरायला चाललोय का राहायला?" मी म्हटलं, "गाडी तू चालवणार, उचलणार मी. तुला काय त्रास आहे?" कार्यालयात मी शुक्रवार आणि शनिवार अशी दोन्ही दिवसांची रजा टाकली. आक्कांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन दिवसांच्या घेतल्या. काठावर बसून गळ टाकायला हरकत नाही ना, हे तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसाला आधीच विचारून ठेवलं. "जाळं टाकू नका, बाकी बसा खुशाल," तो म्हणाला.

तर असे आम्ही त्या शुक्रवारी पावणेनऊला पोचलो. कुलूप उघडलं. खोलीत तीन खाटा, एक स्टोव्ह आणि भिंतीला टेकवलेल्या तीन झकपक विलायती काठ्या. धाकटीनं एक उचलून बघितली. मुठीवरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता.

मी पोहे केले. दोन बश्या भरल्या, तिसरी आक्कांपुढं धरली. त्यांनी हात हलवला.

"मला नको. माझा शुक्रवार हाय."

बशी माझ्या हातातच राहिली. "तुमचा कधीपासून शुक्रवार?"

"दिवाळीपासून."

"आक्का, वहीत तुमचा सोमवार आहे, शनिवार आहे. शुक्रवार नाही!"

"तू वार विचारले त्याच्या दुसऱ्या दिवशी धरला. देवीला बोलले, मासा हाती लागंस्तवर शुक्रवार करीन म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

"नवस काय सांगत फिरायचा असतो?"

त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली भगर काढली. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं आणि उपासाची सोय त्यांनी स्वतः केली होती. तीन महिने खपून मी सगळ्या पंचांगातून तेवढाच एक वार निवडला होता, ज्या दिवशी आक्का मासा खाऊ शकत नव्हत्या. धाकटी तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू येत नव्हतं.

"मग आज कशाला आलो आपण?"

"धरायला," आक्का म्हणाल्या. "धरायला कुठं उपास आडवा येतो? फक्त आज मारायचा नाय. उद्या मारुतीचा वार, उद्यापण नाय. पीठ कितीक आणलंस?"

"रविवारपर्यंतचं."

"मग झालं तर," म्हणून त्या चारा मळायला बसल्या.

चारा म्हणजे ज्वारीचं पीठ, भुईमुगाची पेंड, चिमूटभर हिंग, गुळाच्या पाण्यात घट्ट मळलेला. त्यांच्या वडिलांची रीत. सव्वादहाला तीन काठ्या पाण्यावर होत्या. ऊन चांगलं होतं, वारा थोडा जास्त. धाकटी दर दहा मिनिटांनी बोलायला ओट्यावर जात होती, आणि बोलायला समोर कोणीतरी लागतं म्हणून मला खुणावत होती. दीड तासात माझा चारा चारदा कोणीतरी फस्त केला. आक्कांच्या बोंडाला हालचाल नाही. त्या उकिडव्या बसून होत्या, डोक्यावर पदर, काठी मांडीवर. बारा वाजले. एक वाजला. मी मनातल्या मनात परतीची वाक्यं जुळवत होते. पाणी गार होतं, वारा होता, पुढच्या वेळी बघू. भाऊजींच्या तोंडावर कोणतं उत्तर शोभेल तेही.

पाणी मागं सरकल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर मेंढरं चरत होती. त्यांच्यामागची बाई काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत उभी राहिली होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाई, मासे धरू राहिल्या का?"

आक्कांनी तोंडावर बोट ठेवलं.

बाई हळू आवाजात म्हणाली, "इथं काय नाय. मेंढरं इथं पाण्याला उतरतेत, समदं ढवळून ठिवतेत. त्या बाभळीच्या बुडाशी बसा. तिथं रोज उडतेत, मी बघते ना."

आक्का उठल्या. गुडघ्यांना हात लावून, पण लगेच उठल्या. बाभळीचं अर्धं खोड पाण्यात बुडालेलं होतं. तिथं गळ टाकून पंधरा मिनिटंही झाली नसतील. ज्वारीच्या ताटाचा तुकडा एकदा थरथरला, आडवा झाला आणि दिसेनासा झाला.

काठी कमान झाली. मी धावले, पण आक्का ओरडल्या, "हात लावू नको!" त्यांनी काठी ओढली नाही. ती छातीशी धरली आणि त्या उलट्या पावली चढ चढायला लागल्या. एक पाऊल, थांबा, एक पाऊल. मासा जोर करायचा तेव्हा थांबायच्या, तो दमला की मागं सरकायच्या. पदर खांद्यावरून खाली आला, एक चप्पल गाळात राहिली. "आपण ओढायचं नाय," त्या धापा टाकत म्हणाल्या, मला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे. "आपण मागं चालायचं. मासा आपोआप घरी येतो. बाप सांगायचा." मी शहाण्यासारखी त्यांच्या मागचे दगड बाजूला करत गेले. धाकटी गुडघाभर पाण्यात उतरली होती, आणि तो उथळात आला तशी तिनं त्याला साडीच्या ओच्यात घेतलं.

रोहू. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि वर चार बोटं. खवले उन्हात तांब्यासारखे. आम्ही तिघी आणि ती मेंढरंवाली बाई, चौघी मिळून इतक्या ओरडलो, की मेंढरं पांगली. आता मासे ऐकेनात का.

आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. हा रविवारपर्यंत ठेवायचा कसा?

धाकटी म्हणाली, "आजच साफ करून मीठ लावून ठेवू. मी करते, माझा कुठं उपास आहे?"

"आन् रविवारी मेलेले तुकडे भाऊजींपुढं मांडू?" आक्का म्हणाल्या. "बाजारातलेच म्हणतील. आपण नाय का म्हणलो? जिता दिसला पाहिजे."

बादली लहान होती. खोलीतला हौद कोरडा. मासा धाकटीच्या ओच्यात तडफडत होता आणि माझ्या यादीत याचं उत्तर नव्हतं. उत्तर त्या बाईनं दिलं. मेंढरं बसवायला त्या लोकांकडे सुताची जाळी असते, वाघर म्हणतात. तिनं आपल्या बिऱ्हाडावरून एक तुकडा आणला. भोकं मेंढराच्या मापाची, म्हणून आम्ही त्याची चौपदरी घडी केली, कडा दोऱ्यानं शिवल्या (इथं धाकटीचा क्लास कामी आला) आणि ती पिशवी बाभळीच्या खोडाला बांधून कमरेइतक्या पाण्यात सोडली. मासा आत गेला, एक वळसा घेतला आणि शांत झाला.

मी वही काढली. पहारा. दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दोन दोन तासांच्या पाळ्या. पाणकावळे, बगळे आणि कुत्री यांना हाकलणे. दर तासाला पिशवीची गाठ बघणे. अंधार पडायच्या आधी वरून दुसरी गाठ. नवऱ्यांना फोन केले: मुक्काम एक दिवस वाढला आहे, काळजी नसावी, रविवारी दुपारी जेवायला या. माझा नवरा म्हणाला, "मिळाला का?" मी म्हटलं, "जेवायला या." तेवढ्यावरून तो काय समजायचं ते समजला आणि, नंतर कळलं, इतरांना उलटंच सांगितलं, काही मिळालं नाही म्हणून.

शनिवार मला अजून आठवतो, कारण आयुष्यात एवढी बेकार मी कधी बसले नव्हते. पाळी आली की बाभळीपाशी बसायचं आणि पाण्यातल्या त्या काळसर पाठीकडं बघायचं. दुपारी एकदा पाठ दिसली नाही. तशीच साडी खोचून पाण्यात गेले, जाळीत हात घातला, तर शेपटीचा फटका मनगटावर बसला. इतकं बरं वाटलं, की मी त्या माशाला "थांब रे बाबा" असं म्हटलं. काठावर आक्का उभ्या होत्या.

"हाय ना?"

"आहे. जोरात आहे."

त्या काठावरच खाली बसल्या. "लई लोभ झालाय मला," म्हणाल्या. "तीन महिने खाल्ला नाय, ते काय नाय गं. पण भाऊजी तसं बोलले तवा माझा बापच हसण्यावारी गेला, असं झालं मला. त्यानं शिकवलेलं चाळीस वर्षं कुणी इचारलं नाय, आन् मीपण सांगितलं नाय." मग लगेच उठून, "तुझी पाळी संपली, जा, भाकरी टाक," असं म्हणाल्या.

रविवारी बाराला गाडी आली. तिघे भाऊ उतरले. धाकट्या भाऊजींच्या हातात पिशवी होती. चेहरा दयाळू.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. प्रयत्न केलात, हेच मोठं. मी येता येता धरून आणलाय. तुम्ही रांधा, आपण शपथ सुटली म्हणू."

आक्कांनी पिशवीत डोकावून बघितलं. डबा. त्यात साफ केलेले तुकडे.

"कुठं धरला, भाऊजी?"

"पाण्यात."

"पाणी तर तीन दिस आमच्यापुढं होतं."

भाऊजींनी डब्याचं झाकण लावलं. त्यांच्यामागं माझा नवरा आभाळाकडं बघायला लागला.

"दिवाळीचा कुठला होता?"

"पाण्यातलाच होता वहिनी," भाऊजी शेवटी म्हणाले. "पैठणच्या बाजारात पाणी मारूनच ठेवतात."

थोरले भाऊजी आधी हसले, मग सगळेच. मग आक्कांनी पदर खोचला, बाभळीपर्यंत गेल्या, गाठी सोडल्या आणि वाघर दोन्ही हातांनी वर उचलली. रोहूनं अशी उसळी घेतली, की धाकट्या भाऊजींचा इस्त्रीचा शर्ट छातीपर्यंत भिजला. ते दोन पावलं मागं सरले. त्यांनी माशाकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं, आणि तिथंच गाळात वाकून आक्कांच्या पायाला हात लावला. चेष्टेनं नाही. मला चेष्टा आणि खरं यातला फरक कळतो, मी त्यांना तीस वर्षं बघतेय.

"शिकवाल का?" त्यांनी विचारलं.

"तोंड बंद ठिवता येईल का?" आक्का म्हणाल्या.

मासा आक्कांनीच केला. चिंच, लसूण, येसराचा मसाला, बाकी काही नाही. मी भाकरी टाकल्या. मेंढरंवाल्या बाईचं ताट सगळ्यांच्या आधी गेलं, दोन तुकडे आणि डोकं, कारण जागा तिची आणि जाळी तिची. आक्कांनी दिरांना वाढलं, नवऱ्याला वाढलं, आम्हाला वाढलं आणि मग स्वतःचं ताट घेऊन ओट्याच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून बसल्या. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला. मग ताटाच्या कडेला एक काटा आला, स्वच्छ, मग दुसरा.

"ताजा हाय," त्या म्हणाल्या.

चूल विझवली. पंपाच्या पेटीला कोणी हात लावला नव्हता. वाघर धुऊन, वाळवून परत दिली. मी ओट्यावर बसून वहीत लाल खुणा केल्या, आणि बेचाळीस झाल्या. निघताना भाऊजींनी गाडीपाशी हात पुढं केला.

"वहिनी, किल्ली."

कुलूप आक्कांनी लावलं होतं. किल्ली त्यांच्या कमरेच्या चंचीत होती. त्यांनी चंचीवर हात ठेवला आणि गाडीत बसता बसता म्हणाल्या, "व्हय, देऊ की. पुढच्या महिन्यात आम्हाला यायचंय, तवा बघू."

त्यानंतर पाच हिवाळे झाले. आता सगळेच जातात, आणि भाऊजी बाभळीपाशी तोंड बंद ठेवून बसतात, कधीकधी दोन तास. दर वर्षी मी नवी यादी करते. जुन्या यादीतलं राहिलेलं काम आधी उतरवून घ्यायचं, अशी माझी पद्धत आहे, त्यामुळे पहिल्या ओळीवर तेच येतं: किल्ली परत देणे. उजव्या पानावर: आक्का. खूण अजून नाही.